सोमवारी सेम सुरू, ७० हजारात मेकॅनिकलसाठी लॅपटॉप पाहिजे: आत्ता घेऊ का थांबू?

दूधगंगाकाठ

नमस्कार सगळ्यांना, पोस्ट जरा मोठी झालीय पण वाचा, घरात हे विचारायला दुसरं कुणी नाही. पॉलिटेक्निक करून डायरेक्ट सेकंड इयर मेकॅनिकलला ऍडमिशन झालंय, कागल तालुक्यातनं रोज एसटीनं कोल्हापूरला ये-जा, सोमवारपासून चौथं सेम सुरू होतंय. तिसरं सेम चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर काढलं, आय फाइव्ह हाय पण सहाव्या जनरेशनचा, चार्जर काढला की लगेच बंद पडतोय, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ टाकायला गेलं तर हा प्रोसेसर चालत नाही म्हणून सांगतोय. या सेमला कॅडचं (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं) लॅब आहे, कायनेमॅटिक्स (यंत्राच्या भागांच्या हालचालीचा विषय) आहे, पुढच्या वर्षी सिम्युलेशन येणार असं सिनियर सांगतात.

पैशाचं सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मुलींच्या फी माफीत बसल्यामुळं (८ लाखाच्या आत उत्पन्न आणि कॅपमधनं, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतनं, ऍडमिशन) ट्यूशन फी भरावी लागली नाही, तेव्हाच पप्पा म्हणाले होते की उसाचं बिल आलं की तुला लॅपटॉप. परवा बिल जमा झालं, सोसायटीचं कर्ज वजा जाऊन जे राहिलं त्यातले ७० हजार त्यांनी बाजूला काढलेत. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) क्विंटलला ३५५ रुपये आहे १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, त्यातनं तोडणी-वाहतूक जाते, म्हणजे ७० हजार म्हटलं तर वीस टनाच्या वर ऊस झाला. अर्धा एकर ऊस पाठीवरच्या बॅगेत घालून मी एसटीत चढणार आहे असं माझ्या डोक्यात सारखं येतंय, त्यामुळं चुकायचं नाही.

आणि नेमकं आत्ताच सगळीकडं नवीन नवीन गोष्टी दिसायल्यात. जानेवारी २०२६ मध्ये लास वेगासला सीईएस प्रदर्शनात इंटेलनं कोअर अल्ट्रा सिरीज ३ हे लॅपटॉपचे नवीन प्रोसेसर आणले, सगळे एआय पीसी एआय पीसी म्हणतायत. वर्गातल्या एकीकडं मॅकबुक एअर आहे, दिवसभर चार्जर लागत नाही तिला. दुसरी टॅबवर पेननं नोट्स काढते. मामा म्हणतोय जीएसटी कमी झालाय आणि थोडं थांब, वस्तू जुनी झाली की भाव पडतो. आणि बातम्यांत येतंय की रॅम महाग झाली म्हणून लॅपटॉपचे भाव वाढणार. मग आत्ता घेऊ का थांबू, आणि घेतला तर त्यात काय बघून घेऊ? कंपनीचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण दुकानात काय विचारायचं तेवढं सांगा.

रंकाळ्याचा_वारा

भावा पँथर लेक म्हणजे नाद खुळा विषय हाय!! (कोअर अल्ट्रा सिरीज ३ चं आतलं नाव पँथर लेक.) इंटेलनं चिप बनवायच्या स्वतःच्या १८ए प्रोसेसवर बनवलाय, अमेरिकेत ऍरिझोनाच्या कारखान्यात, मधी दोन-तीन वर्षं एएमडी आणि ऍपलनं इंटेलला पार पाणी पाजलेलं तिथनं हे परत उभं राहणं म्हणजे मला खरंच लई भारी वाटलं, मी ती लाँचची सगळी स्ट्रीम रात्री जागून बघितली, सकाळी प्रॅक्टिकलला डोळं चोळत गेलो. डेलनं एक्सपीएस नाव परत आणलं ते पण तिथंच. आणि सॅमसंगचा तीन घड्यांचा फोन बघितलास काय, कोरियात डिसेंबर २०२५ मध्ये आला, उघडला की १० इंची टॅब होतोय. खिशातनं टॅब काढायचा, पीडीएफ वाचायची, परत घडी घालून खिशात!

तुझ्या प्रश्नाचं बोलायचं तर ७० मध्ये हे नवीन काही बसणार न्हाई, ती मॉडेलं आधी महागच येतात. पण एआय पीसीच घे एवढं सांगतो, एनपीयू (एआयच्या कामाचा वेगळा प्रोसेसर) ४० टॉप्सच्या वर पाहिजे, मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्या कोपायलट प्लस लॅपटॉपला तीच अट घातलीय. ४० टॉप्स म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी ऑपरेशन, विचार कर. पुढची चार वर्षं एआयचीच हायत, आज बिनएनपीयूचा घेतलास तर थर्ड इयरला पस्तावशील. जमलं तर जूनपर्यंत थांब, तोवर नवीन चिपवाले जरा खाली येतील.

पाना_पक्कड

राजारामपुरीत पंधरा वर्षं रिपेरीचं दुकान हाय माझं, विकत काय न्हाई, फक्त दुरुस्ती, त्यामुळं माझा कुठल्या कंपनीत इंटरेस्ट न्हाई हे आधीच सांगतो.

थांबू नका. एरवी मीच गिऱ्हाइकाला सांगतो थांबा, दोन महिन्यानं स्वस्त होईल, पण यावेळचं गणित उलटं हाय. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरला जी एचबीएम म्हणून मेमरी लागते तिच्यात नफा जास्त, म्हणून या तिघांनी आपली मशिनं तिकडं वळवली, मग तुमच्या-आमच्या लॅपटॉपला लागणारी रॅम कमी पडायला लागली. मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ ला जाहीरच केलं की क्रुशियल नावानं जो किरकोळ माल विकायचे तो धंदा बंद करणार, फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल पाठवणार. मी क्रुशियलच्या स्टिका किती बसवल्या असतील याचा हिशोब न्हाई, नाव वाचून जीवाला लागलं. गणपतीच्या आधी जी १६ जीबीची स्टिक मी बसवत होतो तिचा भाव आता दुपटीच्या वर गेलाय, आणि नवीन कारखाना काय सहा महिन्यात उभा राहत न्हाई. दुकानात जो लॅपटॉप आज हाय तो जुन्या भावाच्या रॅमचा हाय, नवीन लॉट येईल तो नवीन भावाचा.

जीएसटीचं मामांना सांगा की सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचाच्या वरचे टीव्ही आणि एसी २८ वरनं १८ वर आले, लॅपटॉपला आधीपासनंच १८ हाय, तिथं काही फरक पडलेला न्हाई.

आता दुकानात काय विचारायचं. पहिला प्रश्न, रॅमचा स्लॉट हाय का सगळी रॅम बोर्डावर सोल्डर केलीय. हल्ली बारीक दिसणाऱ्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर चिकटवलेली असते, काहींत तर प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच, ती आयुष्यात वाढत न्हाई. आठ जीबी सोल्डर असलेला घेऊन पोरं दोन वर्षानं माझ्याकडं येतात, दादा रॅम वाढवून द्या, आणि मला न्हाई म्हणताना वाईट वाटतं, बापाचं पैसं गेलेलं असतंय. एकतर सरळ १६ चा घ्या, आणि एक स्लॉट मोकळा असला तर सोन्याहून पिवळं. दुसरं, एसएसडी एनव्हीएमई ५१२ ची, ती बदलता आली पाहिजे. तिसरं, सी टाइप पोर्टमधनं चार्ज होतो का, म्हणजे पीडी चार्जिंग, कारण कंपनीचा चार्जर गेला तर गावात मिळत न्हाई पण सी टाइपचा ६५ वॉटचा कुठंही मिळतो. तो पण घेताना त्याच्यावर बीआयएसची खूण आणि आर नं सुरू होणारा नंबर छापलाय का बघा, आमच्याकडं लाइट ये-जा करते, हलका चार्जर आधी लॅपटॉपचा बोर्ड खातो. चौथं, वॉरंटी घरी येऊन देणार का आपण कोल्हापुरात सेंटरला न्यायचा. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करताना तेच लागतंय.

जुना लॅपटॉप टाकू नका. घरात धाकटं कोण शिकत असेल तर त्यात साधी एसएसडी आणि विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स मिंट टाकून द्या, आणखी तीन वर्षं अभ्यासाला चालतोय. आणि मायक्रोसॉफ्टच्या जादा सिक्युरिटी अपडेटमध्ये नाव नोंदवलं तर विंडोज १० ला पण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, सेटिंगचा बॅकअप त्यांच्या अकाउंटला जोडला तर पैसे पण पडत न्हाईत.

शिरोली_एमआयडीसी

मी फाउंड्रीत डिझाइनला आहे, नऊ वर्षं झाली, रोजचं काम सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, पॅटर्न आणि कोअर बॉक्सचं (साच्यांचं) डिझाइन, मधनं मधनं कास्टिंग सिम्युलेशन. मेकॅनिकलचा प्रश्न दिसला म्हणून खास लॉगिन केलं, कारण या विषयावर मोबाइलचे रिव्ह्यू बघून लोक सल्ले देतात आणि पोरं भलतंच घेऊन बसतात.

आधी मॅकचं. मॅकबुक एअर मशीन म्हणून एक नंबर आहे, माझ्या बायकोकडे आहे, पंखा नाही, आवाज नाही, एम फोर वाल्याला बेसलाच १६ जीबी. पण सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही, डिझाइनचं कटिया चालत नाही, सिम्युलेशनचं अॅन्सिस चालत नाही. ऑटोकॅडचं मॅक व्हर्जन आहे, मॅटलॅब आहे, पण आपल्याकडे शिरोलीत, गोकुळ शिरगावला, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीमध्ये जिथे जाशील तिथे विंडोजवरच काम आहे. तसंच ते स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप, त्यांची बॅटरी पण जबरदस्त चालते, पण ते एआरएमचे, म्हणजे वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचे आहेत, सॉलिडवर्क्सला त्यांचा सपोर्ट नाही. दुकानदार दाखवेल ‘हा पण विंडोजच आहे’ म्हणून, तिथे सावध. मेकॅनिकलला इंटेल किंवा एएमडीचाच घ्यायचा, विषय संपला.

एनपीयूबद्दल वरच्या मित्राशी मी सहमत नाही. त्याचा उत्साह मला समजतो, मी पण त्या वयात असाच होतो. पण आज पोरं जे एआय वापरतात, जेमिनी म्हणा चॅटजीपीटी म्हणा, ते सगळं दूर कुठेतरी सर्व्हरवर चालतं, तुमच्या लॅपटॉपमधल्या एनपीयूला त्याचा पत्ताही नसतो. २०२५ मध्ये जिओवर जेमिनीचा प्रो प्लॅन दीड वर्षं मोफत दिला, चॅटजीपीटी गो त्याच नोव्हेंबरपासून वर्षभर फुकट दिलं, ते सहा वर्षांच्या जुन्या फोनवर पण तसंच चालतं. आणि पार्ट मॉडेल करताना सॉलिडवर्क्स एनपीयूकडे बघत नाही, त्याला लागतो एका कोअरचा स्पीड आणि रॅम. स्केच, एक्स्ट्रूड, फिलेट हे एकामागून एक रिबिल्ड होत जातं, तिथे सोळा कोअर असले तरी एकच कोअर राबत असतो. म्हणून प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच असलेला बघ, यू वाले बॅटरीला चांगले पण जड असेंब्लीला दम लागतो. सिम्युलेशनला मात्र सगळे कोअर लागतात आणि रॅम कितीही कमीच.

ग्राफिक्स कार्डाचं बोलतो कारण ७० मध्ये मोह तिथेच होतो. गेमिंग लॅपटॉप येईल त्या पैशात, जरा ताणून. पण तो सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जर वेगळा वीट घेतल्यासारखा, आणि एसटीतून रोज कागल-कोल्हापूर उभ्यानं. कॉलेजच्या पातळीला वीस-तीस पार्टची असेंब्ली असते, स्क्रू जॅक, प्लमर ब्लॉक, नकल जॉइंट, टेलस्टॉक, ती आजच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आरामात फिरते. मी स्वतः डिग्री कॉलेजच्या लॅबमधल्या डबड्यावर केली. फायनल इयरच्या प्रोजेक्टला मोठं सिम्युलेशन करायचं असेल तर कॉलेजच्या लॅबचं मशीन वापर, सर लोक संध्याकाळी बसू देतात, विचारलं पाहिजे फक्त.

सॉफ्टवेअर चोरीचं टाकू नकोस, हे कळकळीनं सांगतो. पेन ड्राइव्हमधून क्रॅक फिरत असतो दर सेमला, त्यातून व्हायरस येतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं जातं, माझ्या बॅचला हे झालंय. ऑटोकॅड, इन्व्हेंटर, फ्यूजन हे ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देते, कॉलेजचं आयकार्ड अपलोड करायचं, वर्षाचं मिळतं आणि शिकताय तोवर दरवर्षी रिन्यू होतं. अॅन्सिसचं स्टुडंट व्हर्जन फुकट आहे, मेश (सिम्युलेशनसाठी मॉडेलची केलेली जाळी) किती मोठा घ्यायचा त्याला मर्यादा असते पण सेकंड-थर्ड इयरला पुरतं. गणितासाठीचं मॅटलॅब कॉलेजकडे नसेल तर त्याच्यासारखंच फुकटातलं ऑक्टेव्ह.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, वायरचा तीन बटणांचा माउस घे, चाक दाबलं जाणारा. टचपॅडवर थ्रीडी फिरवत बसलीस, बसलास, काय असेल ते, तर दोन दिवसांत मनगट धरेल. शक्य असेल तर नंबर पॅड असलेला १५-१६ इंची घे, दिवसभर डायमेन्शनच टाईप करायची असतात.

दूधगंगाकाठ

बापरे किती सविस्तर लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, पप्पांना वाचून दाखवलं जेवताना. रंकाळा दादा मी पोरगी हाय 🙂 भावा म्हटलं तरी काय वाटत नाही, आमच्या वर्गात सगळे तसंच म्हणतात, साठात आम्ही सातच मुली आहोत.

पाना पक्कड दादा, पप्पांनी तुमचं ते ‘बापाचं पैसं गेलेलं असतंय’ दोनदा वाचायला लावलं. त्यांचा एक प्रश्न आहे, की दुकानात नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यात घेतला तर ७० हजार बँकेत राहतील आणि हप्ता दुधाच्या बिलातनं जाईल, हे बरं का रोख बरं? आणि पावसाळ्याचं पण विचारायचंय, जुलैमध्ये आमच्याकडं रस्त्यावर पाणी येतं, बॅग भिजतेच.

माझा स्वतःचा प्रश्न टॅबचा. मनात तेच जास्त आहे खरं तर. साधा लॅपटॉप ४० चा आणि ३० चा टॅब असं केलं तर? तिच्या टॅबवर बघितलं, आकृत्या काय सुरेख येतात, रंग बदलता येतात, चुकलं की खोडता येतं.

पाचवी_गल्ली

टॅबचं मी सांगते, कारण मी ते केलंय. मी सिव्हिलची आहे, राजारामपुरीत पाचव्या गल्लीत पीजीला राहते, २०२५ च्या मार्चमध्ये नवीन आयपॅड आला ना ए१६ चिपवाला १२८ जीबीचा, तो मे महिन्यात घेतला ३४,९०० ला, आणि सी टाइपची पेन्सिल ७,९०० ची वेगळी, म्हणजे ४२,८०० झाले आणि कव्हर वेगळं. त्या पेन्सिलीला दाब कळत नाही, म्हणजे जोरात दाबलं की रेघ जाड होते तसं होत नाही, नोट्सला त्यानं फरक पडत नाही पण चित्र काढायचं म्हणून घेणार असशील तर आधीच माहीत असू दे.

पहिले दोन महिने मी इतकी खूश होते की काय सांगू. सगळी पुस्तकं एकात, बॅग हलकी, लेक्चरला फोटो काढून त्याच्यावरच लिहायचं. आजही पीडीएफ वाचायला आणि जुने पेपर सोडवायला मला तो आवडतो, टाकून देणार नाही. पण दिवाळीआधी एंड सेमचा पेपर आला आणि तीन तासांच्या पेपरात माझा हात दीड तासातच भरून आला, अक्षर बिघडलं, दोन प्रश्न राहिले. सहा महिने काचेवर लिहीत होते ना, कागदावर बॉलपेन दाबून लिहायची सवयच गेली होती. परीक्षा अजून कागदावरच आहे. आता मी लेक्चरला वहीच वापरते आणि टॅब रूमवर.

तुला कॅडसाठी दमदार लॅपटॉप लागणार आहे तर पैसे दोन्हीकडे वाटू नकोस गं. ४० चा लॅपटॉप म्हणजे आठ जीबीच येणार, वर दादांनी सांगितलंच आहे त्याचं काय होतं. टॅब थर्ड इयरला घे, तेव्हा इंटर्नशिपचे पैसे येतील स्वतःचे, त्याची मजा वेगळी.

खडू_डस्टर

मी कोल्हापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. कॉलेजचं नाव नको, पण वर्गातून जे दिसतं ते सांगते.

पाचवी गल्लीनं हाताबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, गेल्या दोन-तीन वर्षांत मला पेपर तपासताना ते जाणवतंय, पहिल्या दहा पानांचं अक्षर आणि शेवटच्या पाच पानांचं अक्षर दोन वेगळ्या मुलांचं वाटतं. कायनेमॅटिक्समध्ये तर वेलॉसिटी डायग्राम हाताने, स्केल घेऊन, कागदावरच काढावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये फोर बार लिंकेज (चार दांड्यांची फिरती जोडणी) फिरताना बघणं छान आहे, ते जरूर बघ, पण स्वतः कंपासने कंस मारल्याशिवाय तो वेग कुठल्या दिशेला जातो हे बोटांना कळत नाही. म्हणून या सेमला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खरेदी म्हणजे चांगला मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंग बोर्डला लावून रेघा आणि कोन काढायचं साधन), तुझ्याकडे डिप्लोमाचा असेलच, तो नीट घट्ट करून घे, आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, प्रोग्रॅम न करता येणारा. कॅसिओचा ९९१ घेतलास तर मॅट्रिक्स आणि इक्वेशन सोडवता येतात, पण परीक्षेला कुठलं मॉडेल चालतं ते आपल्या कॉलेजच्या सूचनेत बघून मगच घे. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर वापरायची सवय लावून घेऊ नकोस, परीक्षेत तो नसतो.

रंकाळ्याच्या वाऱ्याच्या उत्साहावरून आठवलं, सध्या आमच्याकडे स्मार्ट चष्म्याचा विषय चाललाय. रे-बॅन मेटाचे चष्मे भारतात मे २०२५ मध्ये आले, २९,९०० पासून, त्यात कॅमेरा असतो आणि रेकॉर्डिंग चालू असलं की फ्रेमवर छोटा दिवा लागतो. एक मुलगा घालून आला लॅबला. मुलगा अत्यंत सरळ आहे, त्याच्या मनात काही नव्हतं, लेथवरचा जॉब रेकॉर्ड करायचा होता, आणि कल्पना म्हणून मला ती आवडलीही. पण शेजारच्या मुली अवघडल्या, तो दिवा लागलाय की नाही हे बघत कोण काम करणार? मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून तो साधा चष्मा घालून आला. परीक्षेच्या हॉलमध्ये तर स्मार्टवॉचसुद्धा बाहेर ठेवावं लागतं, ते मुलं विसरतात आणि गेटवर रडकुंडीला येतात, म्हणून सेमच्या सुरुवातीलाच साधं घड्याळ वापरा असं मी सगळ्यांना सांगते.

एआयचा उल्लेख आलाय म्हणून एवढंच, की जर्नल त्याच्याकडून लिहून आणलेलं व्हायवाला पहिल्या दोन मिनिटांत कळतं. पण न समजलेला कन्सेप्ट रात्री अकरा वाजता दहा वेळा विचारायला ते उत्तम आहे, आणि मराठीतून विचारता येतं हे तर गावाकडून आलेल्या मुलींसाठी खूप मोठी गोष्ट आहे. वर्गात हात वर करायला लाजणारी मुलगी तिथे लाजत नाही. तू जरूर वापर.

पाना_पक्कड

ताई, ईएमआयचं सांगतो. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ ला पत्रक काढून बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंय, ते व्याज कुठंतरी वस्तूच्या भावात नाहीतर फीमध्ये घातलेलं असतं. नो कॉस्ट म्हणतात त्यात व्याजाएवढी सूट आधी दाखवतात आणि मग व्याज लावतात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातनं जातो आणि वर प्रोसेसिंग फी. आणि रोख घेताना जी सूट मिळाली असती ती जाते. पैसे हातात असतील तर रोख. पप्पांना सांगा एका दुकानात ईएमआयचा आणि रोखीचा असे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागायचे, फरक डोळ्यानं दिसेल.

पावसाचं तर मला विचारायलाच नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर माझ्या दुकानात टेबलाखाली पण लॅपटॉप ठेवायला जागा नव्हती, शाहूपुरीतनं, दुधाळीतनं, चिखलीतनं लोक पोत्यात घालून आणत होते. त्यातले निम्मे वाचले असते हो. पाण्यानं तेवढा लॅपटॉप मरत न्हाई जेवढा भिजल्यावर ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबल्यानं मरतो. भिजला की चार्जर काढायचा, चालू असला तर बटण दाबून धरून बंद करायचा, उलटा तंबूसारखा उघडून पंख्याखाली ठेवायचा आणि तसाच दुरुस्तीला न्यायचा. तांदळाच्या डब्यात घालू नका, आजरा घनसाळ असो नाहीतर रेशनचा, तांदूळ आतलं पाणी ओढत न्हाई, उलट पीठ आणि कोंडा पोर्टात जातो. बॅगेला रेनकव्हर घ्या आणि आत लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आमचा जुना उपाय हाय. आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आली की, खाली राहणाऱ्यांनी ४३ ची, म्हणजे धोका पातळीची, वाट न बघता लॅपटॉप आणि सर्टिफिकेटं माळ्यावर टाकायची. वॉरंटीत पाणी बसत न्हाई, ऍक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन वेगळा असतो, हजार-दोन हजारात पहिल्या वर्षाचा मिळत असेल तर तुमच्यासारख्या रोज एसटीनं येणाऱ्यानं घ्यावा.

रंकाळ्याचा_वारा

ताई सॉरी, भावा म्हणालो. शिरोली दादाचं एनपीयूचं वाचून मी स्वतः तपासलं काल, माझ्या लॅपटॉपमध्ये एनपीयू हाय, टास्क मॅनेजर उघडून बसलो आणि दिवसभराची सगळी कामं केली. व्हिडिओ कॉलला बॅकग्राउंड धूसर केलं तेव्हा तेवढा हलला, बाकी दिवसभर शून्य. म्हणजे माझं बोलणं मागं घेतो, ७० हजारात त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नको, १६ जीबी महत्त्वाची. पँथर लेक मला आवडलाच हाय अजून, पण तो माझ्या नोकरीच्या पहिल्या पगारावर.

दूधगंगाकाठ

घेतला!!

शुक्रवारी पप्पा आणि मी शाहूपुरीत गेलो, चार दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात मी रॅम सोल्डर आहे का विचारलं तर तो पोरगा पप्पांकडं बघून बोलायला लागला, मग पप्पाच म्हणाले की तिच्याशी बोला, मला यातलं कळत नाही. तिथनं उठलो. दुसऱ्या दुकानात आठ जीबीचे आणि बारीक बारीकच होते. तिसऱ्यात एक १६ जीबीचा एआरएमवाला दाखवला, बॅटरी २० तास म्हणाला, मला शिरोली दादांचं आठवलं म्हणून विचारलं प्रोसेसर कुठला, मग त्यानंच सांगितलं की ताई मेकॅनिकलला हा देत नाही मी, प्रामाणिक होता. चौथ्यात मिळाला. एच सिरीजचा प्रोसेसर, १६ जीबी एकाच स्लॉटमध्ये आणि दुसरा स्लॉट मोकळा, ५१२ एनव्हीएमई, १५.६ इंची, नंबर पॅड, सी टाइपनं चार्ज होतो, वजन १.७ किलो. रोखीत ६१,५०० ला बसला, ईएमआयचा आकडा कागदावर मागितला तर सगळं धरून साडेतीन हजार जास्त निघत होते. सिरियल नंबर बिलावर घेतला. ऍक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन घेतला, माउस ४५० चा, रेनकव्हर. उरलेले पप्पांना परत दिले तर म्हणाले तुझ्याकडंच ठेव, कॅल्क्युलेटर आण.

दुकानातनं बाहेर आल्यावर पप्पांनी बॉक्स माझ्याकडं दिलाच नाही, दसरा चौकापर्यंत स्वतः छातीशी धरून चालत आले, मग एका ठिकाणी मिसळ खाल्ली तेव्हा पण मांडीवर.

शनिवारी दिवसभर बसून ऑटोडेस्कला आयकार्ड टाकलं, संध्याकाळी मंजुरी आली, इन्व्हेंटर उतरवायला मात्र गावातल्या नेटवर रात्र गेली. सकाळी उठून पहिला पार्ट काढला, डिप्लोमाला कागदावर काढलेला नकल जॉइंट. फोर्क, आय आणि पिन झालीय, कॉलर आणि टेपर पिन राहिलीय. पप्पांनी माउसचं चाक दाबून तो फिरवून बघितला आणि म्हणाले ही तर आपल्या ट्रेलरच्या हुकासारखी जोडणी आहे. आणि खरंच तशीच आहे, मी चार वर्षांत हे त्यांना कधी दाखवलंच नव्हतं.

चुलतभावाच्या लॅपटॉपला मिंट टाकून धाकटीला द्यायचाय, दादा तुमच्या दुकानाचा पत्ता मेसेज करा, बुधवारी कॉलेज सुटल्यावर येते. उद्या पावणेआठची एसटी. मागच्या चाकावरच्या सीटवर बसणार नाही, तिथं लई आदळतंय.